बागेची माती शेजाऱ्याच्या हद्दीत सरकतेय? भिंतीआधी पाण्याचा माग काढा

चार वर्षांपूर्वी, हस्ताच्या पावसात, आमच्या बागेचा मागचा कोपरा रात्रीतून खाली गेला. सकाळी खालच्या काकांची हाक आली, "अहो, तुमचा कढीपत्ता आमच्याकडे आलाय." खरंच आला होता. मुळांसकट, उभाच्या उभा, काकांच्या स्कूटरला खेटून. त्याच्या मागोमाग दोन जास्वंदी, कंपाउंडचे ब्लॉक आणि निदान दोन ट्रॉल्या चिखल.

आमचं घर नाशिकला, म्हसरूळच्या बाजूला, चामरलेणीच्या डोंगराकडून उतरत येणाऱ्या जमिनीवर. आमची बाग काकांच्या अंगणापेक्षा साडेतीन फूट उंच. मधे सहा इंची ब्लॉकची भिंत होती आणि ती माती धरून ठेवते असा आमचा समज होता. कंपाउंडची भिंत कुत्री आणि नजरा अडवायला असते. माती अडवणारी भिंत ही वेगळी वस्तू आहे, हे आम्हाला ती पडल्यावर कळलं.

नाशिकमध्ये हा प्रकार इतका का दिसतो, याचं एक साधं कारण आहे. म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डी, गंगापूर रोडचा नदीकडचा उतार, इथले बरेच प्लॉट म्हणजे कालची शेतं. दोन शेतांमध्ये बांध असायचा आणि वरचं वावर खालच्यापेक्षा दोन-तीन फूट उंच असायचं. शेत एनए (बिगरशेती) झालं, ले-आऊट पडला, बांध मोडला आणि त्याच रेषेवर कंपाउंड आलं. वरचा प्लॉट सपाट करायला त्यात आणखी भराव पडला. भराव टाकताना कोणी धुम्मस फिरवला नाही. बांधावरचं गवत, घायपात, शेर जे काही माती धरून होतं ते जेसीबीने उपटलं. जुने शेतकरी बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या भांडायचे. आपण बांधच ठेवला नाही.

पाऊस चालू असतानाच माती सुटली तर

तेव्हा दुरुस्ती करायची नसते, नुकसान थांबवायचं असतं. सुटलेल्या कडेपासून माणसं, गाड्या आणि पाळीव जनावरं लांब घ्या, विशेषतः खालच्या बाजूची. वरच्या मोकळ्या मातीवर ताडपत्री अशी अंथरा की तिची वरची कड चरात दाबलेली असेल आणि पाणी तिच्याखाली न शिरता तिच्यावरून बाजूला जाईल. कडेजवळच्या जड कुंड्या, विटांचा ढीग, पाण्याची टाकी मागे सरकवा. गच्चीचा पाइप तिकडे उतरत असेल तर त्याला तात्पुरता होज लावून पाणी रस्त्याकडे काढा. ठिबक बंद करा.

आणि खाली साठलेला गाळ लगेच उपसू नका. हे शेजाऱ्याला पटवणं अवघड जातं, कारण त्याच्या अंगणात तुमचा चिखल पडलेला असतो. पण घसरलेली माती पायथ्याशी बसली की तीच वरच्याला थोडा टेका देत असते. पायथा कोरला की वरून आणखी येते. आम्ही काकांची स्कूटर काढण्यापुरतीच जागा केली आणि बाकीचा गाळ पावसाने उघडीप दिल्यावर चार दिवसांनी उचलला. उचलण्याची मजुरी अर्थातच आमची.

भेग घराच्या जोत्यापर्यंत पोचली असेल, विजेचा खांब किंवा सेप्टिक टँक कडेजवळ असेल, तर पुढचं वाचत बसू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

भेग वाढतेय की जुनीच आहे?

सरकण्याची लक्षणं आधी दिसतात, आपण ती वेगळ्याच खात्यात जमा करतो. कडेला समांतर जाणारी भेग, एका बाजूला झुकलेली भिंत, अचानक न लागणारं मागचं फाटक, बुडाशी वाकून मग सरळ वाढलेली झाडं, भिंतीच्या खालच्या अंगाला कायमची ओल. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतातच, त्या जाळीसारख्या सगळीकडे असतात. काळजीची भेग लांब, एकटी आणि कडेच्या रेषेत जाणारी. तिची वरची बाजू आणि खालची बाजू एका पातळीत नसेल, बोट फिरवल्यावर पायरी लागत असेल, तर माती सरकायला लागलेली आहे.

मातीतल्या भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खिळा किंवा सळईचा तुकडा ठोका, मधलं अंतर टेपने मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. भिंतीतल्या भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्हीकडे चिकटवायची. भिंत हलली की काच तडकते. दर आठवड्याला एक फोटो, त्याच जागेवरून. पुढे शेजाऱ्याशी बोलताना "मला वाटतं" म्हणण्यापेक्षा हे आकडे फार उपयोगी पडतात.

पाणी कुठून येतं

बहुतेकांना भिंत बांधायची घाई असते, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो. कोरडी माती आपल्या कोनात बऱ्यापैकी उभी राहते. ओली झाली की ती जड होते, तिच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि भिंतीमागे पाणी तुंबलं तर पाण्याचा स्वतःचा रेटा वेगळा. साडेतीन फूट उंच, 30 फूट लांब भिंतीमागे काठोकाठ पाणी साचलं तर नुसत्या पाण्याचा आडवा जोर सुमारे 5 टन होतो, मातीचा वेगळा. उंची दुप्पट केली की हा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. सहा इंची ब्लॉक तिथे काय करणार.

आमच्या भिंतीला आधी खाली तीन-चार भोकं होती. काकांच्या बाजूने ओल येते म्हणून ती मीच गवंड्याकडून सिमेंटने बुजवून घेतली होती, वर वॉटरप्रूफ प्लास्टर. ओल थांबली. दोन पावसाळ्यांनी भिंत गेली.

तेव्हा एक रविवार काढा आणि पाण्याचा हिशेब मांडा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 1,000 चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी जमतं, म्हणजे एक छोटा टँकर. तो टँकर गच्चीच्या पाइपातून तुम्ही नेमका कुठे रिकामा करता? आमचे दोन्ही पाइप मागच्या कोपऱ्यात, कढीपत्त्याच्या बुडाशी उतरत होते. "झाडाला पाणी मिळतं" म्हणून मुद्दाम तसे ठेवलेले.

पाइपांनंतर बाकीचे संशयित तपासा. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो. जमिनीखालची टाकी झिरपते का: रात्री इनलेट बंद करून पातळीवर खूण करायची, सकाळी बघायची. नळाचा मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद ठेवून तो फिरतोय का ते पाहायचं. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये पाण्यात विरघळणारा थोडा गडद रंग टाकून भिंतीच्या पायथ्याला रंगीत पाणी येतं का ते बघायचं. लॉन असेल तर रोज किती वेळ पाणी चालू असतं ते घड्याळ लावून मोजा. आकडा ऐकून घरचेच दचकतील. वरच्या बाजूला तिसरा शेजारी असेल तर त्याचं पाणी तुमच्यातून खाली जातंय का, हेही बघावं लागतं. पण शोध आपल्या घरापासून सुरू करावा.

एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे घुशी. नाशिकच्या जुन्या मळ्यांच्या जमिनीत घुशींची बिळं भरपूर. बिळाचं तोंड वर बागेत आणि शेवट भिंतीच्या पायाशी, म्हणजे पाण्याला तयार पाइपलाइनच. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत ताज्या मातीचा ढिगारा दिसतो. ते खणून, खडी आणि मुरूम ठोकून बंद करायचं. नुसती वरून माती लोटली तर घूस दुसऱ्या दिवशी तुम्हाला उत्तर देते.

यातल्या निम्म्या गोष्टी दुरुस्त केल्या की उंची दोन फुटांच्या आत असलेल्या बऱ्याच जागी भिंतीची गरजच उरत नाही. गच्चीचे पाइप रस्त्याच्या गटाराकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवा. शोषखड्डा मात्र कडेपासून लांब, प्लॉटच्या पुढच्या अंगाला. हद्दीला चिकटून शोषखड्डा घेणं म्हणजे आपल्याच हाताने माती भिजवणं. कडेच्या वर, तीन-चार फूट आत, उथळ चर काढून त्याला एका टोकाकडे दर 8 फुटाला 1 इंच उतार द्या. पावसाचं वाहतं पाणी कडेवरून न पडता त्या चरातून बाजूला जातं. चराचा तळ मात्र ठोकून घट्ट करा, नाहीतर तोच पाणी मुरवत बसेल.

माती कोणती आहे ते बरणीत बघा

दोन सोप्या परीक्षा. पहिली: काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर डिटर्जंट, खूप हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत खाली बसते, पोयटा (गाळाची बारीक माती) काही तासांत, चिकणमातीला दिवस लागतो. दुसऱ्या दिवशी थर मोजता येतात.

दुसरी परीक्षा प्रयोगशाळेतल्या चाचणीची घरगुती आवृत्ती आहे. माती वाळवून, कुटून, बारीक चाळा. दोन सारख्या उभ्या, अरुंद बाटल्यांत मोजून सारखी माती घाला. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. 24 तासांनी दोन्हीतली मातीची उंची मोजा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली उंची रॉकेलच्या दीडपट किंवा त्याहून जास्त भरली, तर तुमच्याकडे भरपूर फुगणारी काळी माती आहे. ती पावसाळ्यात भिंतीला ढकलते, उन्हाळ्यात आकसून मागे भेग सोडते आणि पुढच्या मृगाचं पाणी थेट त्या भेगेत जातं. अशी माती भिंतीच्या मागे भरायची नाही. एवढं एक वाक्य गवंड्याला चार वेळा सांगा, कारण तो पाया खणताना निघालेली तीच माती परत मागे लोटणार. त्याची चूक नाही, ती उचलून न्यायला ट्रॉलीचं भाडं पडतं.

हद्द नेमकी कुठे आहे

सरकलेल्या मातीबरोबर हद्दीची खूणही सरकते. जुनं कंपाउंड हीच हद्द, हे गृहीत धरू नका. मोजणीची जुनी "क" प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा), ले-आऊटचा मंजूर नकाशा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका बाहेर काढा आणि टेप लावा. वाद नसेल तर दोघांच्या समोर टेपने मोजून, चुन्याची रेघ मारून काम भागतं. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा, तो ऑनलाइन करता येतो. शेजाऱ्याला नोटीस जाण्याच्या आधी आपण जाऊन सांगावं. सरकारी लिफाफा अचानक हातात पडला की चांगला माणूसही वकील शोधायला लागतो. हद्दीचा दगड स्वतः हलवू नका. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे तो दंडाचा विषय आहे.

भिंत कुणाच्या जागेत घ्यायची? माझं मत स्पष्ट आहे: ज्याची माती उंच, त्याच्या जागेत, पायासकट. दीड-दोन फूट बाग जाते. पण सामाईक भिंत म्हटली की दहा वर्षांनी घर विकताना, वारस बदलताना तिच्यावरून वाद निघतो.

शेजाऱ्याशी बोलायचं कसं

कायदा थोडा माहीत असावा, तो तोंडावर फेकू नये. 1882 च्या इझमेंट अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे सुविधाधिकाराच्या कायद्यात, शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क सांगितला आहे. खालच्याने आपल्या हद्दीला लागून इतकं खोल खणू नये की वरच्याची जमीन घसरेल. पण हा हक्क जमीन नैसर्गिक स्थितीत असेल तर. वर तुम्ही भराव घातला असेल, त्यावर वजन ठेवलं असेल, तर गोष्ट बदलते. त्याच कायद्यात असंही आहे की वरच्या जमिनीवर पडणारं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहत असेल तर खालच्याने ते वाहू द्यावं. गच्चीचं पाणी पाइपात गोळा करून शेजाऱ्याच्या अंगणात सोडणं यात बसत नाही. म्हणजे खणलं कुणी आणि भरलं कुणी, या दोन प्रश्नांवर बराचसा निकाल लागतो. प्रकरण तिथवर जात असेल तर कागद घेऊन वकिलाकडेच जा.

आमच्याकडे मी पहिली चूक केली ती म्हणजे काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज पाठवला. उत्तर आलं, "बघू." दुसऱ्या दिवशी आमची आई चहाच्या वेळी खाली गेली. काकूंना म्हणाली, "माती आमची, त्रास तुम्हाला. काय करायचं ते तुमच्या अंगणात उभं राहून ठरवू या." अर्ध्या तासात काकांनी स्वतःहून सांगितलं की पाच वर्षांपूर्वी पार्किंगची फरशी करताना त्यांनी भिंतीच्या बुडाशी फूटभर खणलं होतं. हे मला मेसेजवर कधीच कळलं नसतं.

मग ठरलं ते असं. भिंत आणि भराव आमच्या खर्चाने, आमच्या हद्दीत. भिंतीच्या बुडाशी काकांनी फरशीचा पट्टा दुरुस्त करायचा, त्यांच्या खर्चाने. सामान ठेवायला आणि गवंड्याला उभं राहायला काकांची जागा पंधरा दिवस. स्कूटर तेवढे दिवस आमच्या गेटात. हे सगळं एका कागदावर, रेखाचित्रासह, दोघांच्या सह्या. रीतसर करारनामा हवा असेल तर आता 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. आमचं साध्या कागदावर भागलं, पण शेजारी नवा असेल किंवा भाडेकरू राहत असेल तर मुद्रांक घ्या आणि सही मालकाची घ्या.

तुम्ही खालच्या बाजूला राहत असाल तर क्रम थोडा उलटा. वरच्याला आधी फोटो आणि तारखा दाखवा, भिंत मागू नका, पाइप वळवायला सांगा. फुकटातलं काम माणूस लवकर करतो. नाहीच ऐकलं तर लेखी पत्र, पोच घेऊन. धोका दिसत असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज.

किती उंचीला काय करायचं

उंचीतला फरक दोन फुटांच्या आत असेल तर उतार द्या आणि गवत लावा. दर फूट उंचीला दोन फूट आडवं, इतका सौम्य उतार ठेवला की ठोकलेली माती टिकते. दोन ते चार फुटांपर्यंत कोरडी, म्हणजे सिमेंटशिवाय रचलेली दगडी भिंत किंवा दोन टप्पे. चार फुटांच्या वर, किंवा कडेपासून भिंतीच्या उंचीइतक्या अंतरात घर, गाडीचा रस्ता, टाकी असेल, तर आरसीसीची रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, आणि तिचं डिझाइन इंजिनिअरकडून. तिथे पैसे वाचवू नका. महापालिकेची परवानगी लागते का, तेही आर्किटेक्टकडून आधीच विचारून घ्या.

दोन टप्पे करायचे असतील तर वरची भिंत खालच्या भिंतीपासून, खालचीच्या उंचीच्या दुप्पट तरी मागे हवी. नाहीतर वरचीचं ओझं खालचीवर येतं आणि दोन छोट्या भिंती मिळून एक मोठी, कमजोर भिंत तयार होते.

आम्ही कोरडी दगडी भिंत घेतली. आपल्याकडे काळा दगड मुबलक, आणि सिमेंट नसल्याने अशी भिंत सगळ्या अंगाने पाणी सोडते, शिवाय फुगणाऱ्या मातीबरोबर जराशी हलून परत बसते. दिवाळीनंतरचा काळ कामाला सगळ्यात चांगला: माती ओलसर असते, खणता येते. एप्रिल-मेमध्ये काळी माती पहारीला दाद देत नाही.

आधी हिशेब. जमिनीवर साडेतीन फूट, खाली एक फूट, एकूण साडेचार फूट. बुडाची रुंदी उंचीच्या निम्मी तरी, म्हणजे सव्वादोन फूट, माथ्याला सव्वा फूट, सरासरी पावणेदोन. 30 फूट लांबीला 236 घनफूट, म्हणजे 100 घनफुटांच्या ब्रासने जवळपास अडीच. डबर, म्हणजे बांधकामाचा ओबडधोबड दगड, तीन ब्रास मागवा, कपच्या करण्यात आणि नाकारण्यात बराच जातो. गोल गोटे घेऊ नका, ते एकमेकांवर बसत नाहीत. नऊ ते बारा इंची, दोन तरी सपाट अंगं असलेला दगड मागा आणि ट्रॉली रिकामी होण्याआधी वरचा थर हाताने उचलून बघा.

पाया खणताना सगळी 30 फूट कड एकदम उघडी करू नका. सात-आठ फुटांचा तुकडा खणा, बांधा, मग पुढचा. काळ्या मातीवर पाया नको, खाली मुरूम लागेपर्यंत जा. दोन फुटांवरही मुरूम नाही लागला तर तळाशी मुरूम सहा-सहा इंचाच्या थरांनी धुमसाने ठोकून बसवा. पायाचा तळ मागच्या बाजूला, म्हणजे आपल्या बागेकडे, किंचित खाली झुकलेला हवा. लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून हे तपासा. गवंड्याला तळ सपाट करायची सवय असते.

सगळ्यात मोठे दगड बुडाशी. मागची बाजू उभी ठेवा, पुढचा चेहरा दर फुटाला साधारण अडीच इंच मागे घ्या, त्यासाठी दोन टोकांना तिरक्या लाकडी पट्ट्या उभ्या करून दोरी बांधायची. खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जायला हवी, दर्शनी बाजूला आडवी नव्हे. हे मला आमच्या मिस्त्रींनी शिकवलं. मी एक सुंदर लांब दगड समोर आडवा लावला होता. त्यांनी काही न बोलता तो काढला, फिरवून आत खुपसला आणि मला लाथ मारायला सांगितलं. आधी हललेला दगड आता हलला नाही. दर दोन फूट उंचीवर, तीन-चार फुटांच्या अंतराने, जवळजवळ आरपार जाणारा दगड, म्हणजे हेडर, टाका. पोकळीत मागून कपच्या ठोका. पुढून ठोकलेली कपची दिसायला घट्ट असते आणि पहिल्या पावसात निसटते.

भिंत चढत जाईल तसं मागचं भरायचं, शेवटी एकदम नाही. भिंतीला लागून फूटभर रुंद 20 ते 40 मिलिमीटर खडी. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे माती खडीत शिरून ती बुजवत नाही. खडीच्या तळाशी भोकं पाडलेला 4 इंची पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या अंगाला, 8 फुटाला 1 इंच उताराने, तोंड आपल्याच हद्दीतून रस्त्याच्या गटाराकडे. कापडाच्या मागे मुरूम, थराथराने ठोकलेला. वरचं सहा-नऊ इंच तेवढं बागेची माती. तिचा उतार भिंतीकडे नको, आत काढलेल्या चराकडे हवा.

तुमची भिंत विटांची किंवा ब्लॉकची असेल आणि अजून सरळ उभी असेल, तर पाडायची गरज नसते. मागून चर खणून हाच खडी-पाइपाचा पट्टा घाला. समोरून भोकं पाडायची झाली तर 3 इंची पाइप, दर पाच फुटांना एक, बाहेरच्या बाजूला झुकलेला, मागे खडीचा कप्पा. पण ते पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडणार. त्याच्याकडून आधी होकार घ्या आणि बुडाशी नाली करून द्या, नाहीतर तो ती भोकं बुजवेल. मी बुजवली होतीच की.

काय लावायचं

वाळा. बाकी सगळं नंतर. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटरपर्यंत. त्यामुळे शेजाऱ्याच्या फरशीला धोका नाही. पहिला चांगला पाऊस झाल्यावर कडेला समांतर ओळीत, रोपं चार ते सहा इंचांवर, आणि पहिलं वर्ष गॅप पडेल तिथे पुन्हा लावायचं. विरळ ओळ कामाची नाही, पाणी बरोबर फटीतून वाट काढतं. मधल्या उतारावर हरळी, ती तर न लावताही येते. गवती चहा, अडुळसा, निरगुडी चालतात.

केळी, अळू नको, त्यांना सतत पाणी लागतं. वड, पिंपळ, उंबराचं रोप दगडात उगवलं की बोटाएवढं असतानाच काढा. बांबू माती चांगली धरतो, पण तो हद्द ओळखत नाही. कडेवरचं मोठं झाड झुकलं असेल तर परस्पर तोडू नका. शहरात झाड तोडायला 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि तोडलं तरी बुंधा-मुळं उपटू नका, ती कुजेपर्यंत माती धरतात.

मे महिन्यात काळ्या मातीच्या भेगांमध्ये वाळू आणि शेणखत मिसळून भरा, वर पालापाचोळ्याचा थर द्या. चरातला कचरा रोहिणीतच काढा. पाइपाच्या तोंडाला जाळी बसवा, घुशी आत शिरतात. पहिल्या जोरदार पावसानंतर छत्री घेऊन त्या तोंडाशी जाऊन उभे राहा. सुरुवातीला थोडं गढूळ पाणी येतं, पहिल्या एक-दोन पावसांत ते नितळत जायला हवं. नितळ आलं तर पट्टा काम करतोय. काहीच आलं नाही तर पाइप कुठेतरी दबलाय किंवा उतार उलटा झालाय. आणि ऑगस्टमध्येही चहासारखं गढूळ येत असेल, तर आत कापड फाटलंय आणि तुमची माती थोडी थोडी करून गटारात चाललीय. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी तसं झालं. टोकाकडचे चार फूट उकरून कापड बदलावं लागलं, आणि पाणी गढूळ आहे हे वर आम्हाला नाही, खाली स्कूटर पुसणाऱ्या काकांना आधी दिसलं.